आप्पा, पोरीला थांबवू नका; तिला काकाची गोष्ट सांगा

वाचकाचं पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यातला निवृत्त शिक्षक. गावात मला सगळे आप्पा म्हणतात. माझी मुलगी अमेरिकेत क्लिनिकल सायकॉलॉजीत डॉक्टरेट करते आहे, तिचं हे पाचवं वर्ष. फेब्रुवारीत तिचा फोन आला, "आप्पा, मॅच झालं! जुलैपासून वर्षभर इंटर्नशिप." कुठे, तर तिथल्या एका सरकारी मेंटल हॉस्पिटलात. कुलूपबंद वॉर्ड, आणि त्यात कोर्टाने पाठवलेले पेशंट. ती आनंदाने रडत होती आणि माझ्या पोटात गोळा आला होता. मी म्हणालो, "एवढं शिकून हेच करायचं होतं का? एखाद्या कॉलेजात समुपदेशकाची जागा घे." तेव्हापासून तिचा फोन येतो, पण दोन मिनिटांचा.

हिला गल्लीतल्या बाया विचारतात, "तुन्ही आंडेर येड्यासना दवाखानामा काय करी ऱ्हायनी?" (तुझी मुलगी वेड्यांच्या दवाखान्यात काय करते आहे?) हिला उत्तर देता येत नाही. मलाही नाही.

आता खरी गोष्ट. माझा धाकटा भाऊ गणितात माझ्यापेक्षा हुशार, व्हॉलीबॉलचा चांगला खेळाडू. १९८३ च्या सुमारास, बावीस-तेवीसचा असताना, त्याला आवाज ऐकू यायला लागले. घरच्यांवर संशय घ्यायचा. वर्षभर भगत, गंडेदोरे सगळं झालं, एक बैलजोडी विकली. शेवटी त्याला लांबच्या एका मोठ्या सरकारी मनोरुग्णालयात नेलं. अर्जावर सही माझी होती. तिथे मी जे पाहिलं ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. तो काही वर्षांनी घरी आला, पण मिटूनच गेला होता. १९९१ साली वारला. मुलगी लहानपणी भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवून विचारायची, तेव्हा मी सांगायचो, "तुझे काका तापाने गेले." आजपर्यंत तेच सांगितलं आहे.

ती आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, येणार आहे. तिला थांबवू का? थांबवायचं तर कसं समजावू? त्या फोनपासून रात्री दोन वाजता जाग येते, मग झोप लागत नाही.

तुमचा वाचक, एक बाप

---

उत्तर

आप्पा, नमस्कार.

तुम्ही सरळ विचारलंत, म्हणून सरळ सांगते. तिला थांबवू नका. समजवायचं काही असेल तर ते आधी तुमचं तुम्हाला समजवायचं आहे, आणि त्यात मी जमेल तेवढी मदत करते.

पहिल्यांदा त्या "मॅच"बद्दल, कारण ती गोष्ट तुमच्यापर्यंत नीट पोचलेली दिसत नाही. अमेरिकेत क्लिनिकल सायकॉलॉजीच्या विद्यार्थ्याला सगळे विषय, प्रबंध, सराव हे सगळं केल्यावरही पदवी मिळत नाही. त्याआधी पूर्णवेळ एक वर्षाची इंटर्नशिप करावी लागते. तिचे अर्ज हिवाळ्याच्या तोंडावर जातात, निबंध लिहावे लागतात, डिसेंबर-जानेवारीत मुलाखती होतात. मग विद्यार्थी आपल्या पसंतीची यादी लावतो, रुग्णालयं आपली यादी लावतात आणि देशभरच्या याद्या एकत्र जुळवून फेब्रुवारीत निकाल लागतो. तो निकाल दोन्ही बाजूंना बांधील असतो. म्हणजे ही जागा सोडून दुसरीकडे जाणं हे नोकरीची ऑर्डर नाकारण्याइतकं साधं नाही. तसं केलं तर तिच्या विद्यापीठाचा शब्द मोडतो आणि पदवी लांबते. तुम्ही "कॉलेजातली जागा घे" म्हणालात तेव्हा ती गप्प झाली, कारण तिच्या हातात तो पर्यायच नव्हता. आणि बापाला हे फोनवर कसं सांगायचं ते तिला सुचलं नसेल.

आणखी एक, जे तिने बहुधा सांगितलं नसेल. तिकडे माजी सैनिकांसाठी सरकारी रुग्णालयांचं मोठं जाळं आहे आणि मानसशास्त्रज्ञांना शिकवण्यात ते देशात सर्वांत पुढे आहे. तिथल्या जागांना अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. म्हणजे आपल्या मुलीसाठी त्या सगळ्या जागांची दारं सुरुवातीलाच बंद होती. उरलेल्या जागांत तिने ही मिळवली. ती रडली ती त्यामुळे.

आता ती तिथे नक्की काय करणार?

पहिले काही आठवडे तिला पेशंटजवळ एकटं सोडणारच नाहीत. किल्ल्या कशा सांभाळायच्या, अंगावरचं अलार्मचं बटण कधी दाबायचं, खोलीत बसताना आपली खुर्ची दाराच्या बाजूला कशी ठेवायची, समोरचा माणूस चिडायला लागला तर आवाज, अंतर आणि हात कसे ठेवायचे, याचं रीतसर शिक्षण असतं. त्यानंतर वॉर्ड. सकाळी सगळी टीम बसते: मनोविकारतज्ज्ञ, परिचारिका, सोशल वर्कर, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि सायकॉलॉजिस्ट. रात्री कोण झोपलं नाही, कोणी जेवण नाकारलं, कोणाचं औषध बदललं, यावर बोलणं होतं. गोळ्या लिहून देणं हे मनोविकारतज्ज्ञाचं काम, ते ती करणार नाही. तिचं काम माणसाशी बोलून आणि चाचण्या घेऊन त्याच्या मनात काय चाललंय ते समजून घेणं, आत्महत्येचा धोका किती आहे ते ठरवणं, एकेकट्याशी आणि गटात उपचाराची सत्रं घेणं, आणि हे सगळं टीमला कळेल अशा भाषेत लिहून देणं. बुद्धी, स्मरणशक्ती आणि व्यक्तिमत्त्व यांच्या चाचण्या घ्यायला एकेका पेशंटमागे तासन्‌तास जातात, आणि त्याचा अहवाल लिहायला त्याहून जास्त. तिचं अर्धं वर्ष लिहिण्यात जाईल असं म्हटलं तरी चालेल.

हे सगळं ती एकटीच्या जिवावर करत नाही. मान्यताप्राप्त इंटर्नशिपमध्ये आठवड्याला किमान चार तास सुपरव्हिजन असावं लागतं आणि त्यातले दोन तरी परवानाधारक सायकॉलॉजिस्टबरोबर, एकटीने. काय ऐकलंस, काय बोललीस, तसं का बोललीस, त्या वेळी तुला काय वाटलं, हे तिथे विचारलं जातं. माझ्या मते हे चार तास म्हणजेच इंटर्नशिप. बाकीच्या वेळात काम होतं, शिकणं मात्र इथे होतं.

कोर्टाने पाठवलेले पेशंट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काय आलं असेल याची मला कल्पना आहे. तिथल्या सरकारी मनोरुग्णालयांत आज मोठा भाग अशाच पेशंटांचा असतो. यातले बरेच जण साध्या गुन्ह्यात पकडलेले असतात. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली एका खटल्यात ठरवून दिलं की आरोपीला आपल्यावरचा आरोप समजत असेल आणि आपल्या वकिलाला मदत करण्याइतकं त्याचं भान शाबूत असेल, तरच त्याच्यावर खटला चालवता येतो. आजारामुळे ते भान गेलेलं असेल तर आधी उपचार, मग खटला. म्हणून त्या वॉर्डात औषधांबरोबर शिकवणीही असते. न्यायाधीश काय करतो, सरकारी वकील कोणाच्या बाजूने असतो, आपला वकील कोण, गुन्हा कबूल केला तर पुढे काय होतं. तुम्ही जन्मभर शाळेत शिकवलंत. हा जवळजवळ तुमच्या नागरिकशास्त्राच्या तासासारखा तास आहे, फक्त बाकांवरची मुलं मोठी आहेत आणि त्यांच्या पाठीशी कोणी नाही. तुमची मुलगी हे शिकवायला उभी राहील, तेव्हा ते तिच्यात तुमच्याकडून आलेलं असेल.

धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. वॉर्डात कधी कोणी अंगावर धावून येतं. मार लागतो तो बहुतेक वेळा चोवीस तास पेशंटजवळ असणाऱ्या परिचारिकांना आणि वॉर्डातल्या मदतनिसांना. सायकॉलॉजिस्टला त्यामानाने कमी. मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसं कोणावर हात उचलत नाहीत, उलट त्यांनाच मार बसण्याची शक्यता अधिक. हे तुम्ही तुमच्या घरात पाहिलेलं आहे. भावाने कोणाला मारलं असं तुम्ही कुठे लिहिलेलं नाही. त्याचं काय झालं एवढंच लिहिलंय.

आणि इथे आपण मूळ गोष्टीशी येतो.

तुम्ही घाबरलात ते अमेरिकेतल्या त्या रुग्णालयाला नाही. ते तुम्ही पाहिलेलंच नाही. तुम्ही घाबरलात ते चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या फाटकाला, ज्याच्या आत तुम्ही भावाला सोडून परत फिरलात. मी तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. मुलीबद्दल तुम्ही जेवढं लिहिलंत, जवळजवळ तेवढंच भावाबद्दल, आणि त्यात "अर्जावर सही माझी होती" हे वाक्य आहे. त्या सहीबद्दल मला तुमच्याशी बोलायचंय.

१९८३ साली आपल्याकडे १९१२ चा, म्हणजे इंग्रजांच्या काळातला ल्युनसी कायदा चालू होता. त्या कायद्याखाली भरती करायचा मुख्य रस्ता कोर्टातून जायचा. नातेवाइकाने मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा, डॉक्टरांचे दोन दाखले जोडायचे, मग मॅजिस्ट्रेट हुकूम द्यायचा. आजारी माणूस आणि त्याचं घर यांच्याशी तो कायदा फारसा बोलतच नव्हता. नंतरचा कायदा १९८७ साली झाला आणि लागू व्हायला १९९३ उजाडलं. तोवर तुमचा भाऊ गेला होता. तुमच्यासमोर दुसरा कागद कोणी ठेवलाच नव्हता, आप्पा. जो होता त्यावर तुम्ही सही केलीत, आणि ती भावाला टाकून देण्यासाठी केली नव्हती. ज्याने बैलजोडी विकली तो माणूस भावाला टाकत नसतो. शेतकऱ्याच्या घरात बैलजोडी विकणं म्हणजे काय, ते खानदेशात मी कोणाला समजावून सांगायला नको.

आज तीच परिस्थिती आली असती तर काय वेगळं झालं असतं, तेही सांगते, कारण तुमच्या मनातलं चित्र थोडं तरी हललं पाहिजे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. स्वतःहून दाखल होणारा पेशंट स्वतःच्या सहीने येतो आणि जाऊ शकतो. इच्छेविरुद्ध दाखल करावं लागलंच तर पहिली मुदत तीस दिवसांची, आणि त्यावर पुनर्विलोकन मंडळाची नजर. आपल्या वतीने बोलायला कोण असावं ते पेशंट स्वतः ठरवू शकतो. साखळीने बांधायला बंदी आहे, भूल न देता शॉक द्यायला बंदी आहे. आणि घरचे न्यायला येत नाहीत एवढ्यावरून कोणाला आत ठेवता येणार नाही, असंही कायदा म्हणतो. कायद्यात आहे ते सगळं प्रत्यक्षात उतरलंय असं मी मुळीच म्हणणार नाही. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं. खानदेशाच्या तीन जिल्ह्यांतल्या माणसाला त्यांतल्या कुठल्याही दारात पोचायला आजही दिवस मोडावा लागतो. पण निदान जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहेत आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. १९८३ साली भगताच्या आधी जायला तुम्हाला एवढंही नव्हतं.

अमेरिकाही काही धुतल्या तांदळाची नाही. तिथल्या सरकारी मनोरुग्णालयांत १९५५ साली साडेपाच लाखांहून अधिक माणसं कोंडलेली होती. आज त्या खाटा चाळीस हजारांच्या आत आल्या आहेत. मधल्या काळात औषधं आली, खटले झाले, कायदे बदलले, आणि पुष्कळ माणसं नुसती रस्त्यावर सोडली गेली. या सगळ्याचं ओझं त्या वॉर्डांत अजून आहे. तुमची मुलगी ते रोज पाहील.

आता मला जे सांगायचंच आहे ते. आखाजीला ती आली की तिला काकाची गोष्ट सांगा. पूर्ण.

तुम्हाला वाटेल, ऐन जाण्याच्या तोंडावर पोरीच्या डोक्यावर हे कशाला? मी उलट म्हणते, जाण्याच्या आधीच. त्या वॉर्डात तिला बावीस-तेवीस वर्षांचा एक मुलगा भेटेल, हुशार, खेळाडू, आणि त्याला आवाज ऐकू येत असतील. असा मुलगा प्रत्येक मनोरुग्णालयात असतो. त्याला भेटायला रविवारी कोणी येणार नाही. नव्या शिकाऊ मुलामुलींचं अशा वेळी काय होतं ते मी जवळून पाहत आले आहे. त्यांना घरच्यांचा राग येतो. "हे लोक येत का नाहीत? असं कसं सोडून दिलं?" हा राग चांगल्या मनातून येतो, पण तो उपचाराच्या आड येतो. कारण त्या पेशंटला बरं होऊन बहुधा त्याच घरी जायचं असतं, आणि त्या घराशी बोलण्याचं काम तुमच्या मुलीवर येतं.

घर का येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, गावात लपवावं लागणारं तोंड, फाटकापाशी गेल्यावर पायांत न राहणारं बळ, परत येताना आईला काय सांगायचं हा प्रश्न. हे तिला कुठल्या पुस्तकात मिळणार नाही. मिळालं तरी आकड्यांत मिळेल. तुमच्या तोंडून ऐकलं तर ती त्या पोराच्या भावाला फोन करताना वेगळ्या आवाजात बोलेल. पाच वर्षं तिला तिथल्या प्राध्यापकांनी शिकवलं. हा एक धडा फक्त तुमच्याकडे आहे.

दुसरं कारण तिच्या स्वतःसाठीचं. या पेशात माणूस आपलं घर बाहेर ठेवून आत जाऊ शकत नाही. पेशंटचं काहीतरी आपल्यातल्या कशाला तरी जाऊन लागतं, आणि का लागलं ते माहीत नसेल तर आपण उगाच जास्त जवळ जातो किंवा उगाच लांब पळतो. सुपरव्हिजन असतं ते याचसाठी. घरात एक फोटो आहे, त्याच्याबद्दल विचारलं की आप्पांचा चेहरा बदलतो, एवढं तिला लहानपणापासून माहीत आहे. मुलांना हे कळतंच. "ताप" या उत्तरावर तिचा विश्वास कधी बसला असेल असं मला वाटत नाही. त्यावर तिने काय काय कल्पना केल्या असतील कोण जाणे. खरी गोष्ट त्या कल्पनांपेक्षा हलकी असते.

तिच्या संस्थेत हे कळलं तर तिचं नुकसान होईल अशी धास्ती असेल तर ती सोडा. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या आचारसंहितेत २००२ पासून स्पष्ट कलम आहे. विद्यार्थ्याच्या घरच्यांबद्दल किंवा त्याच्या खाजगी इतिहासाबद्दल सांगण्याची सक्ती करता येत नाही. प्रवेशाच्या वेळीच तशी अट लिहून दिलेली असेल, किंवा त्याच्या त्रासामुळे कामात प्रत्यक्ष अडचण किंवा कोणाला धोका दिसत असेल, तेवढाच अपवाद. कोणाला सांगायचं, किती सांगायचं, ते ती ठरवेल.

आणि आणखी एक भीती, जी तुम्ही लिहिली नाही पण आपल्याकडे असते: हे रक्तात उतरतं का? तुमच्या भावाला नेमका कोणता आजार होता हे मी पत्रावरून सांगणार नाही. तो स्किझोफ्रेनिया होता असं धरलं, तर सर्वसाधारणपणे शंभरात सुमारे एकाला हा आजार होतो. काका-मामाला असेल तर शक्यता थोडी वाढते, तरीही शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक पुतण्या-भाच्यांना तो होत नाही. शिवाय तो अनेकदा तिशीच्या आत सुरू होतो. तुमच्या मुलीला हे आकडे माझ्यापेक्षा चांगले माहीत असतील. तिला ते स्वतःच्या घराला लावून पाहायची संधी मात्र कोणी दिलेली नाही.

सांगताना सुरुवात आजाराने करू नका. सुरुवात गणिताने करा, व्हॉलीबॉलने करा. तो सर्व्हिस कशी मारायचा, कोणत्या गावाच्या टीमला हरवलं, तुमची उदाहरणं कशी सोडवून द्यायचा. मग आवाज, मग भगत, मग बैलजोडी, मग फाटक. सही लपवू नका. तुम्हाला रडू आलं तर येऊ द्या. ती ज्या कामाला निघाली आहे त्यात तिला रडणाऱ्या माणसासमोर शांत बसता आलं पाहिजे, आणि तिला ते येत असेल. तिच्या आईला आधी विश्वासात घ्या. तिला यातलं किती माहीत आहे ते तुम्ही लिहिलं नाही. माहीत असेल तर तीही इतकी वर्षं गप्पच राहिली आहे, तिच्याही बोलण्याला जागा लागेल. आखाजीच्या दिवशीच नको. त्या दिवशी घरात माहेरवाशिणी, झोके, गाणी, पाहुणे, सांजोऱ्या असतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, पाहुणे पांगल्यावर.

गल्लीतल्या बायांना काय सांगायचं? "मनाच्या आजारावर उपचार करायला शिकते" एवढंच, आणि मान वर करून. पुढे कोणी टोचलं तर उत्तर द्यायची गरज नाही. लग्नाचा विषय तुम्ही काढला नाहीत त्याबद्दल मी मनापासून आभार मानते. दुसऱ्या कोणी काढला तर तोही तिथेच थांबवा.

वर्षभरात ती फोन करेल तेव्हा तिच्याकडे संध्याकाळ असेल आणि तुमच्याकडे पहाट. "आज कोणता पेशंट आला?" असं विचारू नका. पेशंटची माहिती घरच्यांनाही सांगता येत नाही, तिथेही नाही आणि इथेही नाही. तुम्ही विचारलंत तर तिला टाळावं लागेल आणि टाळताना पुन्हा तुटल्यासारखं होईल. जेवलीस का, झोप होते का, तुझी सुपरव्हायझर कशी आहे, सुट्टीच्या दिवशी बाहेर पडतेस का, हे विचारा. काही दिवस ती बोलणार नाही, नुसती फोनवर असेल. मग तुम्ही बोला. कापूस, पाऊस, कोणाचं लग्न, दादर ज्वारी कशी आली. वॉर्डातून आल्यावर माणसाला असं बोलणं ऐकायला फार बरं वाटतं.

कामाच्या दोन गोष्टी, त्या तिच्या कानावर घाला. विद्यार्थी व्हिसावर शिक्षणाचा भाग म्हणून पूर्णवेळ कामाची जी परवानगी असते, ती पूर्ण बारा महिने वापरली तर पदवीनंतर काम करायची पुढची परवानगी हातची जाते. तारखा कशा लिहिल्या जाणार आहेत ते तिने विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात आत्ताच विचारून घ्यावं. दुसरी गोष्ट, ती कधी परत यायचं म्हणाली तर. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत नाव लागतं, आणि परदेशी पदवी असेल तर परिषद कागद तपासून निर्णय घेते. म्हणून अभ्यासक्रम, प्रत्येक प्रकारच्या कामाचे तास, सुपरव्हायझरच्या सह्या, सगळं तिने पहिल्या आठवड्यापासून जपून ठेवावं. तिकडे परवाना काढायचा झाला तरी हेच कागद लागतात, आणि चार वर्षांनी जुन्या सुपरव्हायझरला शोधत फिरणं फार जिकिरीचं होतं. परत येच असा आग्रह मात्र धरू नका. खानदेशाला अशी माणसं हवी आहेत, हे मला रोज दिसतं. तरी तो निर्णय तिचा.

राहिली तुमची झोप. रात्री दोनला जाग येते आणि जुनं सगळं डोळ्यांपुढे येतं, हे अंगावर काढण्यासारखं नाही. मुलीशी बोलल्यावर बहुधा थोडं हलकं वाटेल. आखाजीनंतर दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार ओपीडीत जा, जाताना तिच्या आईला बरोबर न्या. मधल्या काळात रात्री फारच जड झालं तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, आणि मराठीत बोलता येतं.